गोव्यात भाड्याच्या स्कूटरसोबत मिळणाऱ्या हेल्मेटला कुबट वास येतो. काय करावं?

वास धरतं ते आतलं स्पंजचं अस्तर. घामाने ओलं झालेलं हेल्मेट डिकीत कोंडलं की गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याला बुरशी लागते. अत्तराच्या फवाऱ्याने वास तेवढा झाकला जातो.

गाडी ताब्यात घेतानाच अस्तरावर बोट दाबून बघा. ओलसर, चिकट लागलं तर दुसरं हेल्मेट मागा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी म्हणजे परवान्याचा धंदा. स्वच्छ हेल्मेट मागण्यात संकोच कसला? हनुवटीचा पट्टाही तपासा, तिथेही मळ साचतो. आत पातळ सुती रुमाल बांधा. जाड टॉवेल नको, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसतानाही हाच रुमाल कामाला येतो.

गाड्या भाड्याने देणाऱ्यांसाठी: अस्तर बटणं काढून सुटं होत असेल तर कोमट पाण्यात थोडा सौम्य शांपू घालून हाताने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. पावसात एक दिवस पुरत नाही, म्हणून अस्तरांचा जादा जोड हवाच. पेट्रोल किंवा थिनरने मात्र पुसू नका. कवच आणि आतलं थर्माकोल दोन्ही कमकुवत होतात, आणि ते वरून दिसतही नाही.