नैराश्यावरचे औषध आणि लांबलेले आयुष्य: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची आहे. गेले वर्षभर ती नैराश्यासाठी मिर्टाझापिन घेत आहे आणि आता तिला पुष्कळ बरे वाटते. नैराश्याच्या गोळ्यांनी आयुष्य ३० टक्क्यांनी वाढते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याचा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत आहे. तसे असेल तर तिची गोळी कायमची चालू ठेवावी का? (वाचक, सांगली)

उत्तर: आपल्यापर्यंत आलेल्या मजकुराचा उगम एका खऱ्या आणि अतिशय महत्त्वाच्या संशोधनात आहे, परंतु ते संशोधन माणसांवर झालेले नाही. अमेरिकेतील सिएटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात मायकेल पेट्राशेक, शियाओलान ये आणि लिंडा बक यांनी सुमारे ८८,००० रसायने एका सूक्ष्म कृमीवर तपासली आणि २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. ज्या रसायनांनी कृमींचे आयुष्य वाढवले, त्यांत मियान्सेरिन हे नैराश्यावरचे जुने औषध होते आणि त्याने झालेली वाढ ३० टक्क्यांच्या आसपास होती. आपल्या आई घेत असलेले मिर्टाझापिन हे रचनेने मियान्सेरिनचे जवळचे भावंड आहे आणि त्यानेही कृमींचे आयुष्य वाढल्याचे त्याच शोधनिबंधात नोंदवलेले आहे. फिरत्या मजकुरातून गळला आहे तो ‘कृमी’ हा शब्द, आणि त्यामुळे सगळा अर्थ बदलला आहे.

आईंची गोळी किती काळ चालू ठेवायची हा निर्णय त्यांच्या आजाराच्या इतिहासावरून व्हायला हवा. नैराश्याचा झटका पहिलाच असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारणपणे ६ ते १२ महिने औषध चालू ठेवतात, वृद्धांमध्ये बहुधा त्याहून अधिक काळ, आणि आजार पूर्वीही उलटलेला असेल तर ही मुदत आणखी वाढते. मिर्टाझापिनने झोप आणि भूक सुधारते, परंतु वजन वाढते, गुंगी येऊन तोल जाण्याचा धोका असतो, आणि उतारवयात काहींच्या रक्तातील सोडियम घटते. आपल्या डॉक्टरांकडून या गोष्टींची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. बरे वाटते म्हणून गोळी एकदम बंदही करू नये. ती थांबवायची झालीच, तर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

प्रश्न: मनाच्या आजारावरचे औषध आणि आयुर्मर्यादा यांचा संबंध मुळात लागतोच कसा? (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: या संशोधनाचा गाभाच आपण विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या संशोधनातला सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो, जिवाणू खाऊन जगतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे आयुष्य संपते. त्याला केवळ ३०२ चेतापेशी असतात. तरीही आपल्या मेंदूत काम करणारे सेरोटोनिन त्याच्यातही असते, आणि तेथे त्याचे एक प्रमुख काम अन्नाची चाहूल शरीरभर कळवणे हे आहे. उलट, अन्न नसल्याची वर्दी देणाऱ्या संदेशात ऑक्टोपामिन नावाचे दुसरे रसायन भाग घेते. आपल्या शरीरातील नॉरॲड्रिनॅलिनचा तो कृमींमधला प्रतिरूप म्हणता येईल. मियान्सेरिन या दोन्ही रसायनांचे प्रत्येकी एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणारे प्रथिन, अडवते. ज्या कृमींमध्ये यांपैकी कोणत्याही एका रिसेप्टरचे जनुक बिघडलेले होते, त्यांच्यात औषधाचा परिणाम घटला किंवा नाहीसा झाला. आयुष्य वाढण्याचा मार्ग या संदेशांमधूनच जातो, हे त्यावरून दिसले.

आता चयापचयाकडे येऊ. आहार कमी केला की अनेक प्राणी अधिक जगतात, हे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठातील उंदरांवरील प्रयोगातून दाखवले होते. आधीच अल्पाहारावर ठेवलेल्या कृमींना मियान्सेरिन देऊन, तसेच आयुर्मर्यादा बदलणारी जनुकीय उत्परिवर्तने असलेल्या कृमींवर ते तपासून पाहिले असता, औषधाचा परिणाम अल्पाहाराच्याच यंत्रणेशी जोडलेला असल्याचे आढळले. म्हणूनच संशोधकांनी एक शक्यता मांडली, जी मला फार विलक्षण वाटते: अन्न समोर असूनही शरीराला उपासमारीचा भास होत असावा, आणि त्या भासापोटीच शरीर काटकसरीच्या, दुरुस्तीला प्राधान्य देणाऱ्या अवस्थेत जात असावे. म्हातारपणाचा वेग किती खाल्ले यावर जसा अवलंबून असतो, तसा किती खाल्ले असे चेतासंस्थेला वाटते यावरही तो अवलंबून असू शकतो, हा विचार या कामातून पुढे आला आणि माझ्या मते त्याचे मोल औषधाच्या मोलाहून मोठे आहे.

पेट्राशेक पुढे कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स संशोधन संस्थेत गेले आणि २०१५ साली त्यांच्या गटाने या कामाचा पुढचा भाग ‘ईलाइफ’मध्ये प्रसिद्ध केला. वय वाढते तशी, एकत्र काम करणाऱ्या जनुकांची परस्परांशी असलेली लय बिघडत जाते, म्हणजे एकाच गटातील काही जनुकांची अभिव्यक्ती (त्यांचे प्रत्यक्ष कार्यरत होण्याचे प्रमाण) वाढते तर काहींची घटते. तारुण्याच्या आरंभी मियान्सेरिन दिलेल्या कृमींमध्ये हा बिघाड पुष्कळ उशिरा झाला. वाढलेले दिवस तारुण्याच्या टप्प्यात पडले होते, म्हातारपण लांबलेले नव्हते.

प्रश्न: याच औषधाने कृमींचे आयुष्य घटते, असेही मी वाचले आहे. मग विश्वास कशावर ठेवायचा? (निवृत्त शिक्षक, पणजी)

उत्तर: आपण वाचले ते बरोबर आहे. किम त्सार्झे आणि मिखाएल रिस्टो यांनी २००८ साली ‘प्लॉस वन’मध्ये लिहिले की सेरोटोनिनला विरोध करणाऱ्या अशा औषधांनी कृमींमधील चरबी वाढते आणि आयुर्मर्यादा कमी होते. प्रयोगाच्या पद्धतीतील फरकांकडे येथे लक्ष द्यायला हवे. पेट्राशेक यांच्या चाचणीत कृमी द्रव माध्यमात वाढवलेले होते. माध्यम, तापमान, औषधाची मात्रा आणि ते सुरू करण्याचे वय यांपैकी काहीही बदलले तरी आयुर्मर्यादेच्या प्रयोगांचे निकाल बदलू शकतात. माणसाच्या बाबतीत तर मिर्टाझापिन भूक आणि वजन वाढवते, म्हणजे उपासमारीच्या अवस्थेच्या अगदी उलट दिशेने नेते. एवढ्या साध्या जिवातही ज्या परिणामाची दिशा एकमताने ठरलेली नाही, त्याच्या आधारावर निरोगी माणसाने गोळी घेणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः मियान्सेरिनने क्वचित, पण वृद्धांमध्ये अधिक, पांढऱ्या रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात हे माहीत असताना.

प्रोझॅकसारखी अधिक परिचित औषधे सेरोटोनिन पेशीत परत शोषले जाणे रोखून त्याचा प्रभाव वाढवतात. मियान्सेरिनची तऱ्हा वेगळी आहे, म्हणून एका गटाचे निष्कर्ष दुसऱ्या गटाला लावू नयेत.

प्रश्न: गोळी नको, तर कमी खाण्याने माणसाचे आयुष्य वाढते का? (वाचक, ठाणे)

उत्तर: माणसाच्या आयुर्मर्यादेवर थेट प्रयोग करायला अनेक दशके लागतील, म्हणून अप्रत्यक्ष पुराव्यांवर भिस्त ठेवावी लागते. ऱ्हीसस माकडांवरील विस्कॉन्सिन येथील अभ्यासात २००९ साली फायदा दिसला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या अभ्यासात २०१२ साली आयुष्य वाढलेले आढळले नाही; दोन्हीकडील आहार आणि प्रयोग सुरू करतानाचे वय वेगळे होते. ‘कॅलरी’ नावाच्या चाचणीत लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी प्रौढांनी दोन वर्षे भाग घेतला. उष्मांक २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट असताना कमी आहाराच्या गटाला सुमारे १२ टक्केच जमले, तरी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले. हे सहभागी तरुण किंवा मध्यमवयीन होते. सत्तरीच्या माणसाने आहार घटवला तर स्नायू आणि हाडांची झीज होण्याचा धोका असतो, आणि नैराश्यात आधीच भूक मंदावलेली असेल तर तो अधिकच वाढतो. त्या वयात पुरेशी प्रथिने पोटात जात आहेत ना, हे आधी पाहावे.