गॅलिलिओ वाचताना कंसातलं सोडू नका

प्रश्न : कादंबऱ्या मी भराभर वाचते, पण जर्मन नाटककार ब्रेख्तचं गॅलिलिओवरचं नाटक तिसऱ्या प्रवेशात अडकलंय. पात्रांची गर्दी, आणि विज्ञान विरुद्ध धर्म हा वाद तर ठाऊकच आहे. पुढे कसं जावं?

उत्तर : पंधरा प्रवेश एका बैठकीत उरकायला जाऊ नका. गॅलिलिओ, त्याचा शिष्य आंद्रेया, आंद्रेयाची आई सार्तीबाई, गॅलिलिओची मुलगी व्हर्जिनिया, छोटा भिक्षू आणि कार्डिनल बार्बेरिनी एवढी माणसं ध्यानात ठेवा. बाकीचे येतात नि जातात.

कादंबरीच्या सवयीने आपण फक्त संवाद वाचतो, कंसातल्या रंगसूचना गाळतो. तिथेच नाटक कोरडं पडतं. पहिल्या प्रवेशात पृथ्वी फिरते हे समजवायला गॅलिलिओ एक वस्तू ‘सूर्य’ म्हणून मधे ठेवतो आणि आंद्रेयाला खुर्चीसकट उचलून अर्धी गिरकी घेतो. डावीकडचा ‘सूर्य’ जागेवरून न हलता उजवीकडे जातो. स्टूल आणि फिरती खुर्ची घेऊन हे एकदा करून बघाच.

बाराव्या प्रवेशात तर संवादाइतकंच कंसात घडतं. बार्बेरिनी, स्वतः गणिती, आता पोप झालाय. सुरुवातीला तो गॅलिलिओला हात लावू देत नाही. पण त्याच्या अंगावर पोपचं एकेक वस्त्र चढत जातं, बाहेर पावलांची खसखस चालू असते, आणि नकार सैल होत होत ‘फार तर यातनेची उपकरणं नुसती दाखवा’ इथवर येतो.

वाद ठाऊक आहे म्हणता, तर सहावा प्रवेश बघा : दुर्बिणीतलं खरं आहे, असा कौल चर्चचाच खगोलज्ञ क्लाव्हियस देतो. आठवा दोघांनी मोठ्याने वाचा. ज्याला गॅलिलिओ पटतो त्याने भिक्षूचे संवाद घ्यावेत. आपल्या गरीब शेतकरी आईबापांच्या कष्टांना अर्थ देणारी श्रद्धाच काढून घेतली तर त्यांच्यापाशी काय उरेल, हा त्याचा सवाल सहजी उडवता येत नाही.

चौदाव्याआधी एवढं माहीत हवं : पहिला खर्डा १९३८-३९चा. १९४५ साली हिरोशिमावर बाँब पडल्यानंतर ब्रेख्तने गॅलिलिओची माघार, म्हणजे चर्चपुढे आपलं मत मागे घेणं, फार कडक शब्दांत तोलली. म्हणून चौदाव्यात गॅलिलिओ स्वतःवरच आरोपपत्र ठेवल्यासारखा बोलतो. इतिहास मात्र इथून घेऊ नका. या प्रवेशात बापावर नजर ठेवून बसलेली व्हर्जिनिया प्रत्यक्षात १६१३ सालीच मठात गेली होती आणि १६३४ साली, बापाच्या आधी, वारली.

प्रस्तावना असलीच तर शेवटी वाचा. ती बहुधा बारावा प्रवेश आधीच फोडते.