वाचकांचे प्रश्न : घरशाळेची उन्हाळी सुट्टी

प्रश्न : माझ्या ६ आणि ९ वर्षांच्या मुली घरीच शिकतात. गेल्या उन्हाळ्यात अभ्यास पूर्ण बंद ठेवला, तर मोठी पाढे आणि हातच्याची वजाबाकी विसरली. यंदा चालू ठेवलाय, तर रोज रडारड. काय करावं?

उत्तर : सुट्टीत नवा धडा काढू नका, झालेलं तेवढं टिकवा. सकाळची ४० मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. ती रोज बदलली की ‘आज कधी बसायचं?’ यावरूनच वाद होतो, आणि निम्मी रडारड त्याचीच असते.

पाढ्यांचं ओझं दिसतं तेवढं नाही. २ ते ५ पक्के असतील, तर ६ ते ९ मध्ये नवे गुणाकार फक्त १० उरतात, कारण सात आठे आणि आठ साते एकच. त्यांची १० कार्डं करा : पुढे गुणाकार, मागे उत्तर. रोज दोनच नवी घ्या. ‘सात एके सात’पासून पुटपुटत मुलगी छप्पन्नपर्यंत पोचत असेल, तर तिला चाल पाठ आहे, सात आठे नाही. म्हणून कार्ड मधूनच विचारा. बरोबर आलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी, मग ३ दिवसांनी, मग ७ दिवसांनी विचारा. चुकलं तर पुन्हा उद्याच्या गठ्ठ्यात. एकाच दिवशी सगळं घोकून घेतलं की त्या दिवशी धडाधड येतं आणि आठवड्यात जातं. थोडं विसरायला लागल्यावर आठवावं लागतं, तेव्हाच ते पक्कं होतं.

वजाबाकीसाठी ५०३ − २७८ हे एकच उदाहरण द्या. उत्तर २२५. तिनं ३७५ लिहिलं, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतेय : ८ मधून ३, ७ मधून ०. अशा वेळी आणखी दहा गणितं देऊन उपयोग नाही, चूकच पक्की होईल. काड्यांचे शंभराचे पाच गठ्ठे आणि ३ सुट्या काड्या समोर ठेवा. दशकात काहीच नाही, म्हणून आधी शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाच्या १० जुड्या करायच्या, मग त्यातली एक जुडी सोडायची. आता ४ शतक, ९ दशक, १३ एकक. हे तिच्या हातून झालं पाहिजे. तुम्ही करून दाखवलंत तर ती नुसती बघेल.

धाकटीला १५ मिनिटं मोठ्यानं वाचू द्या. एका पानावर पाचेक शब्दांना अडली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही तिला वाचून दाखवायचं.

प्रश्न : दोघींना एकत्र बसवलं की थोरलीच सगळी उत्तरं देते.

उत्तर : वस्तू एक, कामं दोन. सपाट जागी ३० सेंटिमीटरची काठी रोवा. ती उभी आहे की कललेली, हे दोऱ्याला खडा बांधून ओळंब्यानं बघा. दर तासाला धाकटीनं सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, थोरलीनं लांबी मोजून लिहायची. लांब काठी घेऊ नका. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे जितकी लांब सावली तितकं तिचं टोक पुसट, आणि मग खडा नेमका कुठे ठेवायचा यावरून दोघी भांडतात. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर १२ला येईलच असं नाही. कारण लगेच सांगून टाकू नका, दोनतीन दिवस त्यांना तर्क करू द्या.

प्रश्न : काचेच्या ग्लासात घेवड्याचं बी लावलं, दोन्ही वेळा कुजलं.

उत्तर : बी पाण्यात बुडलं असणार. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही. ८ तास भिजवून पाणी ओतून टाका. ग्लासाला आतून टिपकागद लावा, मध्ये चुरगळलेला कागद भरा आणि काच व टिपकागद यांच्यामध्ये, निम्म्या उंचीवर, ५ बिया सरकवा. एखादी वाया जातेच. तळाशी पाणी जेमतेम २ सेंटिमीटर, बाकी ओल कागद वर ओढून घेतो. बुळबुळीत झालेली बी त्याच दिवशी काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या बियांवर जाते. मूळ २ सेंटिमीटर झालं की तळाचं पाणी ओतून ग्लास आडवा करा, कागद ओला ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक पुन्हा जमिनीकडे वळलेलं दिसेल. त्याचं चित्र मुलींकडून वहीत काढून घ्या, तारखेसह.