इंग्लंडमध्ये ग्रेड टू लिस्टेड (वारसा म्हणून कायद्याने जपलेलं) घर घेतोय. आधीच्या मालकाने विनापरवानगी बदल केलेत, जबाबदारी कोणाची?

गुन्हा ज्याने काम केलं त्याचा, पण निस्तरायचं तुम्हाला. 1990 च्या लिस्टेड बिल्डिंग कायद्याच्या कलम 38 खाली कौन्सिल (तिथली पालिका) नोटीस काढते ती सध्याच्या मालकावर, आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. साध्या प्लॅनिंगमधली (बांधकाम परवानगीतली) ‘इतकी वर्षं उलटली, सुटलो’ ही सोय इथे नाही. नोटीस पाळली नाहीत तर तो गुन्हा मात्र तुमचा.

लिस्टिंग घराच्या आतल्या भागालाही लागू असतं. उखडलेली फायरप्लेस, लाकडी सॅश खिडक्यांच्या जागी यूपीव्हीसी (प्लॅस्टिक), चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट, सगळं त्यात येतं. विक्रेता बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र पुढे करेल. ते बांधकामाच्या दर्जाचं; लिस्टेड घरात बदल करायची परवानगीच वेगळी.

सर्व्हेअरला लिस्टिंगच्या तारखेनंतरचे बदल वेगळे लिहायला सांगा आणि कौन्सिलच्या ऑनलाइन नोंदींशी ताडून बघा. वकिलाला विचारल्याशिवाय कौन्सिलला फोन मात्र नको: एकदा विचारणा झाली की इन्डेम्निटी विमा (अशी कारवाई झाली तर नुकसान भरून देणारा) बहुधा मिळत नाही. (तसाही तो पैसे देतो, पाडापाडी टाळत नाही.) सगळ्यात बरं म्हणजे एक्स्चेंजआधी (खरेदीचा करार बंधनकारक होण्याआधी) विक्रेत्यालाच झालेल्या बदलांची परवानगी काढायला लावा, नाहीतर पूर्ववत करण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या.