ट्रान्सपोर्टर प्रथिनाला फ्लुरोसंट लेबल लावलं तर त्याचं काम बिघडतं का? (एम.एस्सी. प्रोजेक्ट, कोल्हापूर)

बिघडू शकतं, पण जागा नीट निवडली तर सहसा नाही. ट्रान्सपोर्टर म्हणजे पेशीच्या पटलातून साखरेसारखे पदार्थ आत-बाहेर नेणारं प्रथिन, आणि लेबल म्हणजे त्याला जोडलेला चमकणारा रेणू. मॅलिमाइड प्रकारचं लेबल प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या सल्फरला चिकटतं. ते सिस्टीन साखर बसते त्या खाचेत असेल तर वाहतूकच बंद. ई. कोलाय जिवाणूच्या लॅक्टोज परमीएज या साखर वाहणाऱ्या प्रथिनातलं १४८ नंबरचं सिस्टीन असंच आहे. म्हणून त्यातली ८ही मूळ सिस्टीन बदलून हवं तिथे एकच बसवतात. एवढं करूनही प्रथिन साखर आत ओढतं. लेबल लावताना पीएच ७च्या आसपास ठेवा. डीटीटी (सिस्टीनचं सल्फर मोकळं ठेवणारं रसायन, त्यातही तसंच सल्फर असतं) आधी पूर्ण काढा, नाहीतर लेबल त्यालाच चिकटून वाया जाईल. आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात फ्रीजरमधली लेबलची कुपी गार असताना उघडू नका, ओल धरते. मात्र चमक बदलली म्हणजे वाहतूक झालीच असं नाही. ती वेगळी मोजावी लागते.