सुख मोजणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: सुखाचं मोजमाप करणारा शास्त्रज्ञ 'आनंदसंशोधक' की 'सुखसंशोधक'? आणि तो ज्याचा अभ्यास करतो त्या 'सब्जेक्टिव्ह वेल-बीइंग'ला, म्हणजे आपलं आयुष्य कसं चाललंय याबद्दल ज्याचं त्याला जे वाटतं त्याला, 'व्यक्तिनिष्ठ कल्याण' चालेल का?

'कल्याण' मला अजिबात पटत नाही. कल्याण दुसरा कोणी करतो: सरकार करतं, गुरू करतात, देव करतो. इथे तर सगळा भर ज्याचं त्याने सांगण्यावर आहे. त्यासाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, 'खुशाली'. 'इकडे सर्व क्षेम, तिकडची खुशाली कळवावी' असं आपण पत्रात लिहायचो. माझी खुशाली मीच कळवायची असते, शेजाऱ्याने माझं घरदार बघून ती ठरवायची नसते. 'खुशाल जा' मधला बेधडकपणा या नामाला चिकटलेला नाही.

ज्यांनी हा विषय मानसशास्त्रात उभा केला, त्या एड डीनर (१९४६–२०२१) यांचं कामही असंच खुशाली विचारण्याचं होतं. ते कॅलिफोर्नियातल्या शेतकरी कुटुंबात वाढले. कॉलेजात असताना त्यांनी शेतमजुरांच्या सुखाचा अभ्यास करायचं ठरवलं, तर प्राध्यापकांनी साफ नाही म्हटलं. एक तर शेतमजूर सुखी नसतात, आणि दुसरं म्हणजे सुख मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मजुरांना विचारण्याआधीच उत्तर ठरलेलं होतं! इलिनॉय विद्यापीठात नोकरी कायम झाल्यावर डीनर पुन्हा याच विषयाकडे वळले, आणि १९८४ साली त्यांचा 'सब्जेक्टिव्ह वेल-बीइंग' याच नावाचा मोठा लेख आला.

या खुशालीत ते तीन गोष्टी धरत: आयुष्याकडे एकूण बघून वाटणारं समाधान, वेळोवेळी वाटणाऱ्या सुखद भावना, आणि दुःखद भावनांचं कमी असणं. पहिल्याला आपण समाधान म्हणतो, दुसऱ्याला आनंद. आनंद येतो-जातो, लॉटरी लागली की 'होतो'. समाधान मागे वळून बघताना वाटतं. 'सुख' या दोन्हींना पोटात घेतं. म्हणून माझं मत 'सुखसंशोधक'ला. 'आनंदसंशोधक' म्हटलं की अर्धाच विषय उरतो.

वर्तमानपत्रांतल्या 'आनंद निर्देशांका'चा घोळही यातलाच. २०१२ पासून निघणाऱ्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' या जागतिक अहवालात देशांचा क्रम लागतो तो एका शिडीवरून. खालची पायरी ० म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत वाईट आयुष्य, वरची १० म्हणजे सर्वांत चांगलं. तुम्ही कुठे आहात? या प्रश्नात आनंदाचं नावही नाही. फिनलंड २०१८ ते २०२५ सलग पहिला आला, तो तिथली माणसं जास्त हसतात म्हणून नव्हे.

आता तुमच्या भाषांतरासाठी एक सूचना. आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ ची प्रश्नावली फक्त पाच विधानांची आहे. प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे बेरीज ५ ते ३५. तिसरं विधान साधं आहे: आयुष्याबद्दल समाधान आहे. ते 'मी समाधानी आहे' असं लिहू नका. मराठीत 'समाधानी' हा स्वभाव झाला, आणि 'समाधान मानणं' म्हणजे तर मन मारणं. पाचव्या विधानात आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर, अशी कल्पना आहे. तिथे 'पुन्हा जन्म मिळाला तर' नको, नाहीतर उत्तरात पाप-पुण्य शिरेल.

हा फरक मला आत्याने दाखवला. मी विचारलं, "आत्या, तू समाधानी आहेस ना?" ती शेंगा सोलत होती. "समाधानीच आहे रे. कधी कुणाकडे काही मागितलं का मी?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "पण आयुष्याबद्दल समाधान वाटतं का तुला?" हात थांबले. मग ती सातवीत सुटलेल्या शाळेबद्दल बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलत राहिली.