वादळाआधी नागावच्या घराची एक फेरी

वहिनी, नेरुळात राहून नागावचं घर सांभाळायचं तर मे लागायच्या आत एक फेरी कराच. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये येतात, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूलाच धडकलं होतं.

आधी छप्पर. वारा पत्रा खालून उचलतो. कडेचा एक सुटला की मागचे उलगडत जातात. म्हणून वळचणीकडचे हुक एकेक हलवून बघायला सांगा. वॉशर कडक होऊन तडकलं असेल, बोल्टभोवती गंजाचं तांबडं कडं दिसत असेल, तर बदलूनच टाका. इथे पैसे वाचवू नका, कळकळीने सांगते.

नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या. प्लास्टिकची टाकी भरलेली ठेवा, रिकामी उडते. कुंड्या, खुर्च्या आत. मेन स्विच बंद करता यावा म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली हवीच.

आणि इशारा आल्यावर घर बघायला निघू नका. वारा मध्येच पडला तर शेजाऱ्यांनाही फोन करून आतच थांबायला सांगा. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, पुढे सरकला की वारा उलट दिशेने झोडपतो.